रव्याने मुंग्या फुगून मरत नाहीत हो

आपल्या जुळे सोलापूरच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरायलाय, कुंडीत कोरडा रवा टाका, मुंग्या खातात आन पोटात फुगून मरतात. तसं काही होत नाही. पूर्ण वाढलेल्या मुंगीला घट्ट कण गिळताच येत नाही, ती पातळ रसावर जगते, रवा उचलून बिळात आपल्या अळ्यांना, म्हणजे पिल्लांना नेते, म्हणजे आपण त्यांना फुकट जेवण घालतोय, तेपण एवढ्या महागाईत! जास्वंदीवर मुंग्या दिसल्या तर आधी पानामागं मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, बघा, त्याचा गोड चिकट रस प्यायलाच त्या येतात. पाण्याचा जोरात फवारा मारून मावा धुवा, नाहीतर साबणाचं पातळ पाणी मारा, पण आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात नको, पानं करपतात. बीळ मोकळ्या जागेत असेल तरच उकळतं पाणी ओता, मुळाशी ओतलं तर झाडच जाईल.