मानसिक त्रासापोटी मिळालेले पैसे 'उत्पन्न' कसे?

रिटर्नच्या सीझनमध्ये हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतंच, आणि फोनवर त्याचं धड उत्तर देता येत नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते. मी दादरला एका सीएंच्या ऑफिसात काम करते. स्वतः सीए नाही, त्यामुळे ह्याला सल्ला समजू नका. मत मात्र ठाम आहे: ग्राहक आयोगानं, कोर्टानं किंवा ऑफिसातल्या तक्रार समितीनं एखाद्या माणसाला मानसिक त्रासापोटी जे पैसे द्यायला लावले, त्यावर सरकारनं एक रुपयाही कर घेऊ नये. आणि हे कायद्यात स्वच्छ लिहिलेलं असावं.

यंदा विषय निघाला तो मुलुंडच्या एका काकूंमुळे. बिल्डरनं फ्लॅट दिला नाही, काकू ग्राहक आयोगात गेल्या, रखडत रखडत का होईना निकाल लागला. भरलेले पैसे व्याजासह परत, मानसिक व शारीरिक त्रासापोटी 50,000 आणि तक्रारीचा खर्च वेगळा. बिल्डरच्या अकाउंट्सवाल्यानं काय केलं, तर मुद्दल सोडून जे जे उरलं ते सगळं 'व्याज' धरलं, 10 टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापला आणि हात झटकले. काकूंच्या एआयएसमध्ये (आयकर खात्याकडच्या वर्षभराच्या जमा-कराच्या यादीत) त्रासाचे पैसेही व्याजाच्याच ओळीत जाऊन बसले. काकू मला म्हणाल्या, "अगं, त्यानं छळलं म्हणून हे पैसे आले. ह्यात मी कमावलं काय?" 30 टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाचे अशा वेळी सेस धरून 15,600 रुपये जातात. आयोगानं छळाची किंमत ठरवायची आणि तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा सरकारनं उचलायचा.

कायदा तसं म्हणतो का? नेमकं इथंच घोडं अडतं. 1961 च्या आयकर कायद्यात उत्पन्नाची व्याख्या 'ह्यात अमुक अमुक येतं' अशी ऐसपैस आहे, आणि 1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानंही तो साचा मोडलेला नाही. कोर्टांनी त्यातून वाट काढली ती अशी: जे पैसे कमाईच्या जागी आले ती महसुली जमा, त्यावर कर. जे कमाईच्या साधनाच्या किंवा खुद्द माणसाच्या हानीपोटी आले ती भांडवली जमा, आणि कायद्यानं मुद्दाम ओढून घेतल्याशिवाय तिच्यावर कर नाही. ह्या न्यायानं मानसिक त्रासाची भरपाई करातून सुटायला हवी. पण हा न्याय समजावून सांगायला अधिकाऱ्यासमोर उभं कोण राहणार? 50,000 साठी अपिलात जायचं तर वकिलाची फी त्याहून जास्त.

बरं, असं कलम लिहिता येत नाही असंही नाही. भोपाळच्या वायुपीडितांना 1985 च्या खास कायद्याखाली जे पैसे मिळाले ते करमुक्त आहेत, हे आयकर कायद्यात वेगळ्या पोटकलमानं लिहिलं गेलं. पूर-भूकंपासारख्या आपत्तीत सरकारकडून किंवा पालिकेकडून माणसाला मिळणाऱ्या भरपाईसाठीही तशी सूट आहे. म्हणजे मनात आलं की लिहितात.

आता आपल्या मुंबईतली गंमत बघा. रिडेव्हलपमेंटमध्ये बिल्डर सभासदांना घरभाड्याशिवाय 'हार्डशिप'चे पैसे देतो. बिऱ्हाड हलवायचं, मुलांच्या शाळा लांब पडायच्या, म्हाताऱ्यांचे हाल व्हायचे, त्याबद्दल. आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठानं अनेक प्रकरणांत ही रक्कम भांडवली जमा मानली आहे. मुंबई उच्च न्यायालयानं 2024 मध्ये ट्रान्झिट रेंटवर, म्हणजे ह्याच तात्पुरत्या घरभाड्यावर, टीडीएस कापायची गरज नाही असंही सांगितलं. मला हे निकाल पटतात. फक्त एवढंच विचारते, की बिल्डरनं करार करून, आधी सांगून दिलेला त्रास करमुक्त असेल, तर त्याच बिल्डरनं फसवून दिलेल्या त्रासाबद्दल शंका तरी का यावी?

पोटगीचं आणखी वेगळं. प्रतापगढच्या प्रिन्सेस महेश्वरीदेवींच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं ठरवलं की दरमहा मिळणारी पोटगी हे उत्पन्न, पण एकरकमी मिळालेली पोटगी भांडवली जमा, तिच्यावर कर नाही. कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबरही असेल. पण नवऱ्याकडे एकदम द्यायला पैसे आहेत की नाहीत, ह्यावर बायकोचा कर ठरतो. आमच्याकडे येणाऱ्या बायकांना हे सांगताना मला दरवेळी अवघडल्यासारखं होतं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्यात तर मानसिक छळ आणि भावनिक क्लेशाबद्दल वेगळी भरपाई मागता येते, पोटगीहून निराळी. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अशा एका प्रकरणात 3 कोटींची भरपाई कायम ठेवली. एवढ्या रकमेवर जर करखात्याची नजर गेली तर काय, ह्याचं सरळ उत्तर देणारं एक वाक्य कायद्यात नसावं?

सगळ्यात जास्त चीड येते ती व्याजाची. आपल्याकडे मोटार अपघाताचे दावे इतके रेंगाळतात, की कधीकधी व्याजच मुद्दलाच्या वर जातं. 2009 मध्ये कायद्यात बदल करून भरपाईवरचं व्याज, ज्या वर्षी हातात पडेल त्या वर्षाचं उत्पन्न धरायची सोय झाली. निम्म्यावर वजावट, निम्म्यावर कर. अपघात न्यायाधिकरणानं दिलेलं व्याज 50,000 च्या वर गेलं की टीडीएस. पुढे 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं, लहानपणी अपघातात जायबंदी झालेल्या एका माणसाच्या याचिकेवर, सांगितलं की अर्ज केल्यापासून अंतिम निकाल लागेपर्यंतचं व्याज हा भरपाईचाच भाग आहे, उत्पन्न नव्हे. पैसे वेळेवर मिळाले असते तर व्याज आलंच नसतं, इतकं ते साधं आहे. तरी टीडीएस कापणारे कापत राहिले. शेवटी 2026 च्या अर्थसंकल्पात अपघात न्यायाधिकरणानं माणसांना दिलेलं व्याज करमुक्त करून त्यावरचा टीडीएस काढायची घोषणा झाली. छान झालं. पण मग ग्राहक आयोगाच्या व्याजानं काय घोडं मारलंय?

उलट बाजू मला ठाऊक आहे, आणि ती अगदीच टाकाऊ नाही. अमेरिकेत ह्यावर रीतसर लढाई झाली. तिथल्या 1996 च्या कायद्यानं शरीराच्या इजेची भरपाई करमुक्त ठेवली, नुसत्या मानसिक क्लेशाची नाही. मर्फी नावाच्या खटल्यात एका महिलेला मनःस्ताप आणि बदनामीपोटी 70,000 डॉलर मिळाले होते. बुडालेल्या पगाराचा त्यात एक डॉलरही नव्हता. ताणामुळे ती दात खायची, त्याचे वैद्यकीय पुरावे होते. 2006 मध्ये अपील कोर्ट म्हणालं, हे उत्पन्न नाही. 2007 मध्ये त्याच कोर्टानं स्वतःचा निकाल फिरवला आणि कर कायम केला. तिथं सरकारपक्षाचं म्हणणं साधारण असं, की हरवलेल्या वस्तूची भरपाई करमुक्त असते, कारण त्या वस्तूला तुम्ही पैसे मोजलेले असतात. मनःशांतीला तुम्ही किती मोजले होते? शून्य. मग जे आलं तो सगळा नफा.

तर्क धारदार आहे, पण मला तो मान्य नाही. लोकलमध्ये मारलेलं पाकीट पोलिसांनी परत आणून दिलं, तर ते पाकीट मी विकत घेतलं होतं की आजीनं दिलं होतं, हे कोणी विचारत नाही. प्रश्न इतकाच, की होतं त्यापेक्षा माझ्याकडे जास्त काही आलं का. हात मोडल्याची भरपाई अमेरिकाही सोडते, आणि हात काही कोणी विकत घेतलेला नसतो.

खरी अडचण गैरवापराची आहे. उद्या एखादी कंपनी साहेबाला नोकरीवरून काढताना घसघशीत रक्कम देईल आणि कागदावर लिहील 'मानसिक त्रासापोटी'. नोकरी सुटताना मालकाकडून मिळणारी भरपाई पगाराच्या जागचा लाभ म्हणून करपात्र असते, ते बरोबरच आहे, त्याला पळवाट नको. म्हणून सूट फक्त तिथं असावी जिथं त्रयस्थ यंत्रणेनं चौकशी करून आदेश दिलाय आणि त्रासाची रक्कम आदेशात वेगळी लिहिली आहे. आपसात मिटवलेल्या प्रकरणांना ती आपोआप मिळू नये. काही खऱ्या पीडितांवर त्यात अन्याय होईल, हे मला कळतं; तरी तूर्त मी हीच रेघ ओढेन. बुडालेल्या पगाराची भरपाई करपात्र राहू दे, पगारावर कर लागलाच असता. आदेशानंतर पैसे द्यायला उशीर केला म्हणून मिळणाऱ्या व्याजावरही कर लागला तर माझी फारशी तक्रार नाही.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा बघा. भरपाई ठरवताना समितीनं काय पाहावं ह्या यादीत पहिलंच आहे: मानसिक आघात, वेदना, यातना आणि भावनिक क्लेश. करिअरचं नुकसान त्याखाली, वेगळं. ही रक्कम छळणाऱ्याच्या पगारातून कापून देता येते. म्हणजे पगार त्याचा, त्यावरचा करही त्याच्या नावावर गेलेला. तेच पैसे पेरोलमधून तिच्याकडे आले म्हणून तिच्या फॉर्म 16 मध्ये चढले, तर छळलं त्यानं आणि कर दोघांनी भरायचा.

आणि बिल्डर? धंद्यातला करार पाळला नाही म्हणून दिलेली भरपाई तो बहुतेक वेळा धंद्याचा खर्च म्हणून दाखवतो आणि आपला कर कमी करून घेतो. काकूंना दिलेले 50,000 त्याच्या वहीत खर्च, आणि काकूंच्या एआयएसमध्ये उत्पन्न. ह्याचा राग यायला सीए असावं लागत नाही.

ज्यांच्या केसेस चालू आहेत त्यांनी एक करा. तक्रारीतल्या मागणीतच परतावा, व्याज, मानसिक त्रास आणि खर्च वेगवेगळे मांडा, आणि आदेशातही ते वेगळे येतील असं वकिलांना बघायला सांगा. 'सर्व मिळून एकरकमी अमुक लाख' असा आदेश आला की त्यात त्रास किती आणि व्याज किती हे पुढे कोणालाच दाखवता येत नाही. पैसे येण्याआधी समोरच्या पार्टीला आदेशाची प्रत जोडून लेखी कळवा की त्रासाच्या रकमेवर टीडीएस कापू नका. तरीही कापलाच, तर एआयएसमध्ये ती नोंद चुकीची असल्याचा फीडबॅक टाका, रिटर्नमध्ये टीडीएसचं क्रेडिट मागा आणि आदेशाची प्रत जपून ठेवा. काकूंचं आम्ही असंच केलंय. रिफंड अजून यायचाय.