साडेतीन फूट खड्डा आणि १२ व्होल्टचा उजेड

मिशिगनमध्ये घर घेतलेल्या मराठी माणसाला दोन व्याधी ठरलेल्या आहेत, पहिल्या उन्हाळ्यात गवत आणि दुसऱ्या उन्हाळ्यात डेक, म्हणजे घरामागचा लाकडी ओटा. गवताची व्याधी महिन्याभरात उतरते, कारण गवत कापणं हे काम आहे हे लगेच कळतं. डेकचं तसं नाही. डेक आधी दुसऱ्याच्या घरी दिसतो, तिथे कणसं भाजत असतात, पायऱ्यांना दिवे लागलेले असतात, यजमान "अरे काही नाही, वीकेंडला ठोकला मीच" असं म्हणतो आणि परतीच्या गाडीत बायको म्हणते, "आपल्याकडे पण मागे जागा आहे ना रे?" हा प्रश्न नसतो. लग्न झालेल्या कुणालाही विचारा.

कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन आलं. तेवढ्या पैशात मिरजेच्या घरावर अख्खा मजला चढला असता. मग ठरलं की आपणच करायचं, १२ बाय १६ फुटांचा साधा डेक, घराला न जोडता स्वतःच्या खांबांवर उभा राहणारा, कारण आमच्या मागच्या भिंतीला ज्या विटा दिसतात त्या नुसत्या दिसायला आहेत, वजन घ्यायला नाहीत. आणि त्याच मे महिन्यात सासू-सासरे सहा महिन्यांच्या मुक्कामाला आले. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. सगळी नोकरी एमएसईबीत, लाइनवर. २००५ साली बोर्डाचं महावितरण झालं ते अण्णांनी अजून मान्य केलेलं नाही.

"सुतार कधी येणार?" अण्णांनी आल्याआल्या विचारलं.

"सुतार नाही अण्णा, मीच करणार आहे."

अण्णांनी माझे हात नीट बघितले. सतरा वर्षं कीबोर्ड बडवलेले हात. "बरं," म्हणाले, "तुमचा इन्शुरन्स आहे ना?"

इथे खणायच्या आधी ८११ ला कळवावं लागतं. मग माणसं येतात आणि जमिनीखालून काय काय गेलंय त्यावर रंग मारून झेंडे रोवून जातात. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, नारिंगी फोन-इंटरनेट, निळा पिण्याचं पाणी, हिरवा ड्रेनेज. आणि हे सगळं फुकट. अण्णा ऐकून जवळजवळ भावूक झाले. "केबल तोडली म्हणून किती जेसीबीवाल्यांशी भांडलोय मी जावईबापू, एकानं म्हणून आधी विचारलं नाही." पुढचे काही दिवस ते रोज सकाळी चहाचा कप घेऊन लाल झेंड्यांच्या रांगेने चालत जायचे आणि केबल कुठून वळवायला हवी होती ते मला सांगायचे.

आता खड्डे. लोकांना वाटतं डेक म्हणजे लाकूडकाम. साफ खोटं. डेकचं निम्मं काम जमिनीखाली असतं आणि त्याचा फोटो कुणीही टाकत नाही. मिशिगनमध्ये पाया ४२ इंच खोल न्यावा लागतो, म्हणजे साडेतीन फूट, कारण हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठतं, गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं आणि पाया उथळ असेल तर खांब वर उचलतं, वसंतात बर्फ वितळला की तो खांब परत बसतो पण मूळ जागी बसेलच असं नाही, आणि चार हिवाळ्यांत डेक उताणा. हे मी अण्णांना समजावून सांगायला गेलो तर ते म्हणाले, "कळलं. आमच्याकडे काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, पोल वाकडे होतात. तुमचं बर्फाचं, आमचं पावसाचं. खणा."

खणायला दोन माणसांनी धरायचं पेट्रोलवरचं ऑगर, म्हणजे जमिनीत भोक पाडणारं मोठं गिरमिट, भाड्याने आणलं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मंडळातला मित्र, जो नाटकात दरवर्षी इन्स्पेक्टर होतो. दुकानातल्या पोराने सांगितलं होतं, सोपं आहे, नुसतं धरून ठेवा. त्याने हे सांगितलं नाही की खाली झाडाचं मूळ लागलं की पातं थांबतं आणि मग दांडे फिरायला लागतात, दांडे धरलेल्या माणसांसकट. आमची माती चिकट, मूळं मॅपलची. मित्र एकदा गुलाबात गेला, एकदा माझ्या अंगावर आला, आणि खिडकीतून सासूबाईंचा आवाज, "अगं हे दोघं भांडतायत का?"

खड्डे झाले त्या रात्री पाऊस. सकाळी बघतो तर प्रत्येक खड्ड्यात फूटभर पाणी आणि एकात बेडूक. आणि अकरा वाजता टाउनशिपचा इन्स्पेक्टर येणार, कारण काँक्रीट ओतायच्या आधी खोली मोजून घ्यावी लागते. अण्णा पोटावर पालथे झोपले आणि मगाने पाणी उपसायला लागले. तेवढ्यात बायको बाहेर आली. "तो मग कुठला आहे?" इथे राहणाऱ्यांना कळेल या प्रश्नाचं गांभीर्य. बाथरूममधला मग. मिरजेहून बॅगेत आणलेला, इथे तसा मिळत नाही. पुढची पाच मिनिटं बाप-लेकीत जे बोलणं झालं त्यात मी पडलो नाही, मी बेडूक काढत होतो.

खरा इन्स्पेक्टर नाटकातल्यापेक्षा फारच कमी बोलणारा निघाला. टेप सोडली, वाचली, पुढचा खड्डा, सही, गाडीत बसला.

"काहीच दिलं नाही त्याला?" अण्णा.

"अण्णा, इथे तसलं चालत नाही."

"चहाचं म्हणतोय मी."

काँक्रीटच्या गोण्या ८० पौंडी मिळतात, म्हणजे ३६ किलो, आणि १२ इंची गोल फॉर्म, म्हणजे काँक्रीट ओतायचा नळीसारखा साचा, साडेतीन फूट भरायला साडेचार गोण्या लागतात. एका खड्ड्याला. हा गुणाकार मी आधी कागदावर केला होता, पण कागदावर कंबर नसते.

मग लाकूड. इथे मला अमेरिकेबद्दल एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. ज्याला दोन बाय दहा म्हणतात ते लाकूड दीड बाय सव्वानऊ इंच असतं. दोन बाय चार म्हणजे दीड बाय साडेतीन. सहा बाय सहाचा खांब साडेपाच बाय साडेपाच. कारण असं सांगतात की ओंडका कापताना ते माप असतं, मग वाळवून रंधा मारला की तेवढं कमी होतं. ठीक आहे, पण मग नाव बदला ना! अण्णांनी दुकानात टेप काढून एकेक तुकडा मोजला, प्रत्येक वेळी टेप झटकन बंद केली आणि शेवटी भर रांगेत विचारलं, "इथे ग्राहक मंच कुठं बसतो?" मागच्या गिऱ्हाईकाला मराठी येत नव्हतं पण आशय पोचला असावा, कारण तो हसून म्हणाला, सगळ्यांना पहिल्या वेळी असंच होतं.

लाकूड हिरवट दिसतं कारण ते कीड-कुज लागू नये म्हणून औषध पाजलेलं असतं. पूर्वी त्यात आर्सेनिक असायचं, ते २००३ च्या शेवटी घरगुती लाकडातून गेलं, आता तांब्याची संयुगं असतात, आणि ती साधे खिळे खातात म्हणून जाड जस्ताचा थर दिलेलेच खिळे-स्क्रू वापरायचे. एवढं सगळं मी रात्री जेवताना हौसेने सांगितलं आणि सासूबाईंनी एकच विचारलं, "मग त्याच्यावर पापड वाळत घालता यायचे नाहीत?" म्हणजे गेले तीन आठवडे घरात हा डेक कशासाठी होतोय याबद्दल दोन मतं होती. कणसं एकीकडे, पापड दुसरीकडे. चादर टाकून घाला म्हटलं.

एक मात्र मान्य करायला हवं. लेव्हलसाठी मी लेझर आणला होता, चांगला महाग, आणि भर उन्हात त्याची लाल रेघ कुणालाच दिसेना. मी डोळ्यांवर हात धरून शोधतोय, मित्र दुसऱ्या टोकाला शोधतोय. अण्णांनी गॅरेजमधून पारदर्शक पाइप आणला, त्यात पाणी भरलं, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दोन्ही टोकांना पाणी जिथे थांबलं तिथे पेन्सिलीने खूण केली. झालं. मिरजेतला कुठलाही गवंडी हेच करतो. काटकोनही तसाच, एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार, तिरकं पाच आलं की कोपरा सरळ, दोरी आणि दोन खुंट्या, बॅटरी लागत नाही. लेझर मी परत केला. दुकानवाल्याने कारण विचारलं, मी म्हटलं, पाणी निघालं.

फळ्या बसवणं हा त्यातल्या त्यात सुखाचा भाग, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. स्क्रू मारा, गुडघे चोळा, स्क्रू मारा. अण्णांचा हट्ट होता फळ्यांमध्ये फट ठेवायची, आणि मी सांगत होतो की औषध पाजलेलं लाकूड ओलं येतं, आत्ता चिकटवून मारायचं, वाळलं की फट आपोआप पडते. तसंच झालं. अण्णा अजून म्हणतात की फट त्यांच्या सांगण्यावरून आहे.

दिवे हे मूळ कारण होतं हे विसरायला झालं होतं. बायकोने सेट मागवून ठेवला होता, ऑफर होती, पायऱ्यांचे, खांबांच्या टोपीतले आणि गवतात खोचायचे, सगळे मिळून ६० वॅट, प्रकाश २७०० केल्विन, म्हणजे पिवळसर. अण्णांनी पेटी उघडली. "बारा व्होल्ट?" असं म्हणाले की मलाच कमीपणा वाटला. ज्याने ११ हजार व्होल्टच्या लाइनखाली उभं राहून डबा खाल्लाय त्याला १२ व्होल्ट दाखवणं मुळातच चूक. दिवा लावून दाखवला तर म्हणे, "हा झिरोचा बल्ब आहे. पांढरी ट्यूब लावा लख्ख, साप-बिप दिसायला नको?" बायको म्हणाली, "अण्णा, अँबियन्स." अण्णा म्हणाले, "असू दे, पण साप?"

तरी अण्णांनी बॅगेतून टेस्टर काढलाच, तो विमानातून मिशिगनला आलेला पिवळ्या मुठीचा टेस्टर, आणि वायरला लावला. पेटला नाही. १२ व्होल्टला त्यातला निऑन पेटतच नाही. अण्णांनी टेस्टर दोनदा झटकला, शर्टाला पुसला, परत लावला आणि निकाल दिला, "लाइन डेड आहे." शेजारी दिवे ढळढळीत चालू.

पण पहिल्या रात्री अण्णांचीच विद्या कामी आली. ट्रान्सफॉर्मरजवळचे दिवे छान, आणि पायऱ्यांपाशी पोचेपर्यंत सगळे मलूल. मी म्हटलं सेट डिफेक्टिव्ह आहे, परत करू. अण्णा पायरीवर बसले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला. "हे आमच्या फीडरच्या टोकाच्या शेतीपंपासारखं आहे जावईबापू. मोटर गुरगुरते, पाणी काढत नाही." मग हिशोब. ६० वॅट २३० व्होल्टला पाव अँपिअर, तेच १२ व्होल्टला पाच अँपिअर. अँपिअर वाढले की वायरमध्ये व्होल्टेज पडणारच, आणि सेटबरोबर आलेली वायर १६ गेजची, दोऱ्याएवढी. मल्टिमीटर लावला तर सुरुवातीला १२ आणि शेवटी जेमतेम साडेनऊ. दुसऱ्या दिवशी १२ गेजची जाड वायर आणली, ट्रान्सफॉर्मरची लाइन एका टोकाला न देता मधोमध दिली, दोन्हीकडे निम्मं निम्मं, आणि सगळे दिवे सारखे. अण्णांनी मंडळाच्या मित्राला फोन करून बोलावून दाखवले.

मग त्यांनी बिल काढलं. रात्री पाच तास, महिन्याला नऊ युनिट, इथला दर बघता पावणेदोन डॉलर. "म्हणजे दीडशे रुपये? नुसत्या पायऱ्यांना?" मी म्हटलं अण्णा असू द्या. अण्णा काही बोलले नाहीत, आणि ते काही बोलत नाहीत तेव्हा विचार करत असतात.

शनिवारी मंडळाचे लोक जेवायला. जुलै महिना, इथे सूर्य नऊ वाजून गेल्यावर मावळतो, सगळे डेकवर, हातात कणसं, दिवे कधी लागतात याची वाट बघतायत कारण बायकोने आठवडाभर तेच सांगितलेलं. साडेनऊ झाले. पावणेदहा झाले. डास आले, दिवे नाहीत. मी फोनच्या टॉर्चमध्ये एकेक जोड तपासतोय, अंधार ओळखणाऱ्या फोटोसेलवर हात ठेवून बघतोय, नाटकातला इन्स्पेक्टर "शेवटचं कुणी पाहिलं?" असं सगळ्यांना विचारत फिरतोय, आणि अण्णा टेस्टर घेऊन माझ्या मागे. "लाइन डेड आहे," प्रत्येक जोडाला. शेवटी ट्रान्सफॉर्मरचं झाकण उघडलं. आत गोल डायलचा टायमर असतो, त्याला बारक्या पिना. पिना सात ते नऊ.

"अण्णा, टायमर कुणी लावला?"

"मी. परवा. सात ते नऊ, दोन तास पुष्कळ झाले की."

"अण्णा, फोटोसेल अंधार पडल्यावर चालू करतो. इथे अंधार साडेनऊला. आणि टायमर नऊला बंद. दोन्ही सिरीजमध्ये आहेत, एक जरी बंद असला तरी दिवे बंद."

अण्णा थांबले. मिरजेत जुलैत सव्वासातच्या सुमाराला दिवेलागण होते, हिशोब तिथला होता आणि तिथे अगदी बिनचूक होता. त्यांनी टेस्टर खिशाला लावला.

"म्हणजे परवापासून एक पैशाची वीज जळलेली नाही," असं म्हणून ते पाहुण्यांकडे वळले आणि महिन्याला किती वाचेल ते सांगायला लागले.