गोमुखी गाळा

आज सकाळी दुधाची पिशवी घेऊन येताना बघितलं, तर खालच्या गाळ्यावर परत फ्लेक्स. 'लवकरच येत आहे'. काय येतंय ते लिहिलेलं नाही, नुसती एक वाफाळती वाटी काढलीय. दोन पोरं आत टेप धरून भिंत मोजत होती. आणि आमच्या सोसायटीतले एक काका बाहेर उभे राहून मला म्हणतात, "सातवा. बघा आता हा किती महिने टिकतो. गाळाच गोमुखी आहे हो, पुढे अरुंद, मागे रुंद. धंद्याला व्याघ्रमुखीच लागतो."

तेव्हापासून डोकं फिरलंय. चहा दोनदा गार झाला. म्हणून हे लिहितेय.

आम्ही 2016 ला इथे राहायला आलो. पुण्यात पौड रोडच्या आतल्या गल्लीत, तिसरा मजला, बरोबर त्या गाळ्याच्या डोक्यावर. त्यामुळे खाली काय शिजतंय ते मला फ्लेक्स न वाचता कळतं. आधी चायनीज होतं, त्या सॉसच्या वासाने पडदे धुवावे लागायचे. मग केक-पेस्ट्री. मग बिर्याणी. मग मिसळ. मग मोमो. मग ते भिंतीवर निऑनचे पंख लावलेलं कॅफे, जिथे मुली फोटो काढायच्या आणि एका कॉफीवर अडीच तास बसायच्या. सगळे गेले. आणि प्रत्येक वेळी गल्लीचं निदान एकच: जागा बाधते.

अहो, जागा कशी बाधेल? चायनीजवाल्याच्या वेळी मेट्रोचे पत्रे लागले होते. पौड रोडवरून आत वळायचं म्हणजे आधी पुढे जाऊन यू-टर्न मारून या, तोपर्यंत माणसाची भूक मरते. मेट्रो धावायला लागली 6 मार्च 2022 ला, तो कधीच गाशा गुंडाळून गेला होता. केकवाली लॉकडाऊनमध्ये गेली. यात वास्तुपुरुषाने काय करायचं होतं? मुंबईत कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून आपल्या व्यापाऱ्यांनी सोडली आणि इराण्यांनी नेमकी तीच घेतली, असं सांगतात. पुढची कित्येक वर्षं अख्खी मुंबई त्या अशुभ कोपऱ्यांवर बसून ब्रुन मस्का चहात बुडवून खात होती.

बरं, मान्य. बिर्याणीवाला त्याच्या कर्मानेच गेला. ती बिर्याणी नव्हती, मसालेभात होता आणि त्यात चुकून कोंबडी पडली होती.

पण मिसळवाले?

सांगलीकडचं जोडपं होतं. 2022 च्या दसऱ्याला उघडलं. सहा टेबलं, चोवीस खुर्च्या. तो गल्ल्यावर आणि ती आत. पहाटे साडेचारला शटर वर जायचं, मी त्या आवाजाला उठायचे. पाच वाजता खोबरं-कांदा भाजल्याचा वास वर यायचा. पहिल्यांदा खायला गेले तेव्हा मी विचारलं, फार तिखट असतं का गं? तर म्हणाली, "काय न्हाई ओ काकू, खाऊन तर बघा की." डोळ्यातून पाणी आलं आणि मी कट परत मागितला. असली मिसळ या भागात मी खाल्लेली नाही. हे मी पुण्यात राहून लिहितेय, मिसळीवरून इथे काय काय होतं ते मला माहीत आहे.

एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी जन्मभर बँकेत आकडे मांडले, म्हणून तो मला वही दाखवायला लागला. भाडं 85,000. त्यावर जीएसटी 18 टक्के, म्हणजे 15,300. आणि हॉटेलवाला जो 5 टक्के जीएसटी लावतो ना, त्यात नोव्हेंबर 2017 पासून इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे भाड्यावर भरलेला कर कुठेच वळता होत नाही, तो गेलाच. झाले एक लाख तीनशे. दिवसाला साधारण 3,340. मिसळीची प्लेट 90 रुपये, त्यातला सामानाचा खर्च 35. उरले 55. करा भागाकार. रोज एकसष्ट प्लेटा गेल्या की फक्त मालकाचं भाडं सुटतं. मग चार पोरांचे पगार, 19 किलोचे सिलेंडर, व्यापारी दराचं लाइट बिल. घरपोच नेणारे अ‍ॅपवाले शंभरातले पंचवीस कापतात म्हणायचा. आणि मिसळ म्हणजे सकाळचा धंदा, दुपारी एक वाजला की संपलं. संध्याकाळी थालीपीठ लावून बघितलं. त्या वेळी आपण सगळे मोबाईलवर ऑफर बघत होतो.

वही मिटून तो मला म्हणाला, "काकू, आम्ही हॉटेल न्हाई चालवत. भाडं चालवतोय." आणि हसला. मीही हसले. काय बोलणार?

तरी अकरा महिने काढले त्यांनी. 2023 च्या गणपतीच्या आधी बंद केलं.

आता राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. करारात लॉक-इन अठरा महिन्यांचं, म्हणजे आधी सोडलं तरी तेवढ्या महिन्यांचं भाडं द्यायचंच. डिपॉझिट सहा महिन्यांचं, म्हणजे 5,10,000. हे अकरा महिन्यांत निघाले, सात महिने राहिले. मालकाने अख्खं डिपॉझिट ठेवून घेतलं आणि वरचा सातवा महिना 'माफ' केला. माफ! वर सगळ्यांना सांगत फिरला, मी माणुसकी दाखवली म्हणून. महिन्याभरात मोमोवाला आला, नवं डिपॉझिट, वाढीव भाडं. म्हणजे तेच महिने दोनदा विकले की नाही? यांनी केलेलं फ्लोअरिंग, मोरी, वायरिंग, एक्झॉस्टचा पाइप सगळं जागेवरच राहिलं, कारण 'फिक्स्ड' वस्तू काढायच्या नाहीत असं कलम. हॉटेल बुडालं, गाळा मात्र एक रुपयाने बुडालेला नाही. उलट दर वेळी थोडा सजून उभा राहतो. टिकणारा भाडेकरू मिळाला तर मालकाचं उलट नुकसान आहे, असंच म्हणायची वेळ आली.

त्याच्या डोक्यावरही कर्ज असेल, नाही म्हणत नाही. पण त्याने एकसष्ट प्लेटा विकून दाखवाव्यात.

आणि लगेच कुणीतरी लिहील, "मग डेक्कनचं कॅफे गुडलक 1935 पासून कसं चालतंय?" अहो, असली जुनी नावं मोजायला दोन हातांची बोटं पुरतात. बाकी आपल्या गल्लीतलं दहा-पंधरा वर्षं टिकलेलं कुठलंही साधं हॉटेल घ्या आणि मालकाला विचारा. जागा स्वतःची असेल, नाहीतर भाडं जुन्या काळातलं. चटणी चांगली असतेच, पण नुसत्या चटणीवर एक लाख तीनशे निघत नाहीत.

शेवटच्या दिवशी भंगारवाला आला होता. मी गॅलरीतून बघत होते. त्याने स्टीलच्या प्लेटा काट्यावर टाकल्या, खण खण खण. नगावर नाही, किलोवर. ती दारात उभी होती पदर खोचून, एकेक वाटी फडक्याने पुसून त्याच्या पोत्यात टाकत होती. भंगारात चाललेली वाटी पुसून!

संध्याकाळी वर आली. हातात पातेलं, त्यात मोड आलेली मटकी, दोन किलो तरी असेल. "काकू, आदल्या दिवशीच भिजत घातलेली ओ. आता मोड आल्यात, टाकवत न्हाई."

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते, कारण सकाळपासून तेच बोचतंय.

त्यांच्या आठव्या महिन्यात सोसायटीने एक्झॉस्टच्या वासाबद्दल पत्र काढलं होतं. धुराडं गच्चीच्या वरपर्यंत न्या, नाहीतर आरोग्य खात्याकडे तक्रार. पाच मजले पाइप चढवायचा खर्च त्या वहीत कुठे बसणार होता? पत्र हातात पडलं तेव्हाच त्यांचा निम्मा धीर गेला. त्या पत्रावर माझी सही आहे. तिसरा मजला, सगळ्यात जास्त वास आमच्याकडेच, म्हणून पहिली माझीच घेतली. वास येत होता, खोटं नाही. पडदे खराब होत होते. आणि मी आठवड्याला एकदा तीच मिसळ खात होते.

पत्राची प्रत त्यांना दिली होती. सह्यांसकट.

म्हणजे मटकीचं पातेलं घेऊन वर आली तेव्हा तिला माहीत होतं. मी आत बोलावलं तर म्हणाली, "न्हाई, टेम्पो थांबलाय." त्या मटकीची मी चार दिवस उसळ केली. कट काही जमला नाही.

तर काका, गाळा गोमुखी वगैरे काही नाही. आपल्याला सगळ्यांना भाडं माहीत आहे, लॉक-इन माहीत आहे, एक्झॉस्टची भानगड माहीत आहे, आणि आपण नव्या माणसाला फक्त ओपनिंगचे पेढे खाताना भेटतो. वास्तूला नावं ठेवली की शेजाऱ्याला काही सांगावं लागत नाही.

म्हणून दुपारी मी खाली गेले. ती दोन पोरं फरशीवर बसून वडापाव खात होती, विशी-बाविशीतली. विचारलं, लॉक-इन किती महिन्यांचं? एकाने दुसऱ्याकडे बघितलं. दुसरा म्हणाला, "ते अ‍ॅग्रीमेंटचं पप्पा बघतायत काकू. तुम्ही ओपनिंगला या ना, सोसायटीला 20 टक्के डिस्काउंट आहे." मी म्हटलं, वडापाव खाऊन झाला की पप्पांना फोन लावून दे. लावला. पप्पा मीटिंगमध्ये होते. मी माझा नंबर लिहून दिलाय, बघू फोन येतो का.

वर येऊन मोबाईल उघडला तर सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज. "नवीन हॉटेलच्या एक्झॉस्टबाबत पत्र वॉचमनकडे ठेवले आहे. सभासदांनी सह्या कराव्यात." अजून शेगडी पेटलेली नाही तिथे.

नऊ सह्या झाल्यात म्हणे. तिसऱ्या मजल्याची बाकी आहे, म्हणून मघाशी वॉचमन पत्र घेऊन वरच आला होता. त्याला म्हटलं, चष्मा सापडत नाहीये.