आंब्यावरच्या त्या काड्या बांडगूळ नाहीत

गेल्या पंधरवड्यात ठाण्यातल्या तीन ग्रुपांवरून एकच मेसेज आला: 'आंब्यावर बिनपानांच्या जाड काड्यांचा झुपका दिसला तर ते बांडगूळ. झाडाचा रस शोषतं, मोहोर येऊ देत नाही. थंडीतच खरवडून टाका.' खालचा फोटो मात्र डेंड्रोबियमचा, सह्याद्रीतल्या रानटी ऑर्किडचा. नौपाड्यात आमच्या घरामागच्या आंब्यावर हेच ऑर्किड चार वर्षांपूर्वी आपसूक आलं, म्हणून गप्प बसवत नाही. मेसेजमधले आणि त्याखालच्या चर्चेतले दावे एकेक करून बघू.

'रस शोषतं.' रस शोषतं ते बांडगूळ. त्याचं मूळ साल भेदून लाकडात शिरतं आणि तिथे फांदी गाठीसारखी फुगते. ऑर्किडची मुळं सालीवरून नुसती पसरतात. आमच्याकडची पांढरट आहेत, जाड सुतळीएवढी. पाणी शिंपडलं की बघता बघता हिरवी होतात, कारण वरचा स्पंजासारखा थर पाणी टिपतो आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. एक मूळ मी नखाने अलगद उचलून पाहिलं. खाली साल जशीच्या तशी होती. पाऊस, दव, सालीच्या खाचांत साचलेला पाचोळा एवढ्यावर ते जगतं. मोहोर जात असेल तर आधी तुडतुडे (मोहोराचा रस शोषणारे किडे) आणि भुरी (पांढरी बुरशी) बघा.

'वाळक्या काड्या आहेत.' नाहीत. पावसाळ्यात त्यांना पानं असतात, पाऊस सरला की गळतात. पाणी आणि अन्न काडीत साठलेलं असतं आणि त्याच उघड्या काडीवर फुलं येतात. थंडीत खरवडणं म्हणजे ऐन फुलण्याच्या तोंडावर ऑर्किड मारणं.

'झाडं ओळखणारं ॲप थायलंडचं डेंड्रोबियम सांगतं, म्हणजे कुणीतरी नर्सरीतून आणलेलं.' नुसत्या काडीच्या फोटोवरून जात ठरत नाही. मीही फुलांपर्यंत थांबलो. फेब्रुवारीत पांढरी फुलं आली, पुढच्या पाकळीच्या बुडाशी बारीक लव. हे डेंड्रोबियम बार्बॅटुलम; लॅटिनमध्ये नावाचा अर्थच 'छोट्या दाढीचं'. त्याच्यासारखंच दिसणाऱ्या डेंड्रोबियम ओव्हॅटम या दुसऱ्या जातीची फुलं पिवळसर असतात. ओळख विचारायची तर फूल समोरून आणि बाजूने, काडी, आणि महिना एवढं पाठवा. आणि आणायला कुणी कशाला हवं? एका शेंगेत हजारो बिया, धुळीसारख्या, वाऱ्यावर जातात. येऊरचं जंगल इथून लांब नाही. बीमध्ये अन्नाचा साठा नसतो, त्यामुळे योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं. जुन्या, खरबरीत सालीवर ती गाठ पडली.

मेसेजखाली कुणी लिहिलंय, 'आम्हाला हवंय, येऊरहून काढून आणू.' तसं करू नका. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथलं झाड उपटणं 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

ज्यांनी आधीच खरवडलं असेल त्यांनी झुपका फेकू नका. काथ्याने त्याच फांदीला सावलीच्या बाजूने घट्ट बांधा, रोज सकाळी पाणी शिंपडा. पावसाळ्यात नवी मुळं फुटली की ती साल धरतात, मग काथ्या सोडा.