तळ्याचं पाणी पहाटे तपासा

थंडीत तळ्यातले मासे मेले की आपल्याकडं दोनच वाक्यं ऐकू येतात. 'कुणीतरी औषध टाकलं असणार' किंवा 'थंडीनं मेले.' पहिलं कधीकधी खरं निघतं. दुसरं मला अजिबात पटत नाही.

कारण थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो. ३० अंशाला लिटरमागं साधारण साडेसात मिलिग्रॅम, २० अंशाला नऊ. म्हणजे डिसेंबरात रोहू-कटल्याला श्वास घेणं उलट सोपं जायला पाहिजे. बर्फाच्या देशांत तळं गोठतं, वरची हवा तुटते आणि मासे गुदमरतात. आपल्याकडं तेच काम केंदाळ, म्हणजे पाण्यावर पसरणारी जलपर्णी, करतं.

आणि केंदाळ नसलं तरी हिरवं पाणी आहेच. आपल्या कोल्हापुरातलं कोटीतीर्थ तळं असो की रंकाळा तलावाचा परताळ्याकडचा भाग, सांडपाणी येतंय, निर्माल्य पडतंय, तळाशी गाळ साठतोय. त्या खतावर शेवाळ माजतं. दिवसा ऊन असलं की ते ऑक्सिजन तयार करतं, पण रात्री तेही श्वास घेतं, मासेही घेतात आणि गाळ कुजवणारे जंतू सगळ्यात जास्त खेचतात. डिसेंबरात रात्र जवळजवळ तेरा तासांची. त्यात ढगाळ दिवस किंवा दाट धुकं आलं तर दिवसाची कमाईही बुडाली. वरचं पाणी रात्री गार होऊन खाली बसतं आणि तळाचं, सडक्या अंड्याच्या वासाचं पाणी वर येतं. उजाडायच्या आधी ऑक्सिजन दोन मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडायला लागतात. मोठे आधी जातात. मरळ बहुतेक वेळा वाचते, कारण ती वरची हवा घेऊ शकते. विषानं मेलेले असतील तर बहुधा असा फरक दिसत नाही. म्हणून कुठले मासे मेले, केवढे मेले, हे मासे गाडीत भरायच्या आधी लिहून ठेवायला पाहिजे.

आता नमुना कधी घेतात? मासे तरंगल्यावर, बातमी झाल्यावर, ऊन वर आल्यावर. तोवर शेवाळानं ऑक्सिजन पुन्हा भरून काढलेला असतो. हिरव्या पाण्यात दुपारी तो गरजेपेक्षाही जास्त दिसतो. मग कागदावर पाणी चांगलं आणि मासे 'थंडीनं' मेलेले. ज्या वेळी जीव गेला त्या वेळचं पाणी कुणी बघितलंच नाही, तर अहवाल काय सांगणार?

माझं म्हणणं एवढंच आहे: नोव्हेंबर ते फेब्रुवारी नमुना पहाटे पाचला घ्या, आणि नुसता पृष्ठभागाचा नको, तळाजवळचाही घ्या. कारंजी आणि एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी यंत्रं) असतील तर ती रात्री दोनपासून उजाडेपर्यंत चालवा. संध्याकाळी फिरायला आलेल्यांना कारंजं बघून बरं वाटतं, मलाही वाटतं, पण माशांना त्याची गरज पहाटे असते. आणि पाणी हिरवं दिसलं म्हणून औषध मारून शेवाळ एका दिवसात मारू नका. ते मेलेलं शेवाळ कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही संपवतं.

हे सगळं तात्पुरतं, हे मान्य. नाला तळ्यात येतोय तोवर दर हिवाळ्यात हेच होणार. पंचगंगेचा विषय वेगळा आणि मोठा, त्यावर स्वतंत्र लिहीन. पण तळी आपल्या डोळ्यांसमोर आहेत. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, कपिलतीर्थावर मंडई आली. जी उरलीत त्यांचं पाणी श्वास घेण्याजोगं ठेवणं एवढं अवघड नाही.

ऑक्सिजन मोजायला मोठी यंत्रणा लागत नाही. विंकलरची पद्धत बीएस्सीची मुलं प्रॅक्टिकलला करतात. तळ्याकाठीच बाटलीत रसायनं घालून ऑक्सिजन बांधून ठेवायचा, बाकीचं काम लॅबमध्ये. शहरातल्या कुठल्या कॉलेजचे रसायनशास्त्राचे किंवा पर्यावरणाचे सर-मॅडम हे वाचत असतील तर कमेंटमध्ये लिहा. पहाटे बाटल्या घेऊन कोटीतीर्थावर यायला मी आणि आमच्या फिरायच्या ग्रुपमधले काहीजण तयार आहोत.