जुन्या गाडीत फोर-लो टाकली की गिअरबॉक्स जातो? नाही भाऊ, उलटं आहे

पाऊस सुरू झाला तसा नागपुरात जुनी थार, स्कॉर्पिओ, सफारी, जिप्सी ठेवणाऱ्यांत एक मेसेज फिरतोय, मलाच चार जणांनी पाठवला. म्हणे दहा वर्षांवरच्या गाडीत फोर-लो (चारही चाकांना जोर, पण हळू आणि ताकदीची रेंज) टाकूच नका, गिअरबॉक्स फुटतो. चिखलाला फोर-हाय (चारही चाकांना जोर, नेहमीच्या वेगात) पुरते. पावसात डांबरावरही फोर-हाय लावून ठेवा, ब्रेक चांगले लागतात. आणि फोर-लो टाकायचा लिवर हलवलाच नाही तर आतलं सगळं नवं राहतं. हे वाचून लोक खरंच तसं वागायला लागलेत, गाड्या खराब होतील म्हणून लिहितोय.

आधी गिअरबॉक्सचं. लो रेंज गिअरबॉक्समध्ये नसतेच, ती त्याच्या मागच्या ट्रान्सफर केसमध्ये असते, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या डब्यात. इंजिनाचा जोर आधी क्लचमधून जातो, मग गिअरबॉक्समधून, आणि त्याच्यानंतर ट्रान्सफर केस तो वाढवते. जुन्या थारमध्ये लो रेंजचा रेशो २.४८ आहे, म्हणजे ज्या आरपीएमला हाय-फर्स्टमध्ये (हाय रेंज, पहिला गिअर) गाडी ताशी १० किलोमीटर जाते तिथे लोमध्ये ४ जाईल आणि चाकावर जोर जवळपास अडीचपट येईल. मग चढाला चाकावर तेवढाच जोर लागणार असेल तर इंजिन, क्लच, गिअरबॉक्स या तिघांवरचा ताण कमीच होतो ना, वाढेल कसा?

मी हे पैसे मोजून शिकलोय. काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे, शेवटचा तुकडा पांदण रस्त्याचा, मध्ये नाल्याचा खडा चढ. लो टाकू नको असं एका मिस्त्रीने बजावलं होतं म्हणून दोन हंगाम क्रेट भरलेली गाडी फोर-हायमध्येच अर्धा क्लच दाबून चढवत राहिलो, कारण हाय-फर्स्टमध्ये एवढ्या हळू गाडी चालतच नाही, क्लच सोडला की बंद पडते. शेवटी क्लच प्लेट जळाली, प्रेशर प्लेटही बदलावी लागली. आता तोच चढ लो-सेकंडमध्ये क्लचवरून पाय काढून आरामात होतो.

मेसेजात खरा भाग एकच आहे. वाढलेला जोर ट्रान्सफर केसच्या नंतरच्या सामानावर येतो, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस (सांधे), ॲक्सल, पुढच्या चाकांचे जॉइंट. चाक दगडात अडकलंय, स्टिअरिंग फुल वळवलंय आणि वरून लोमध्ये ॲक्सिलरेटर दाबून धरला तर यातलं काहीतरी तुटू शकतं, गाडी जुनी असो की नवी. पण तो दोष पायाचा आहे, लिवरचा नाही.

फोर-हाय पुरते का? कधी कधी हो. आपल्या काळ्या मातीत पाऊस पडला की टायरच्या खाचा भरून जातात, चाक गुळगुळीत होतं, तिथे लो-फर्स्टमध्ये जास्त जोर दिला की चाक जागेवरच फिरतं आणि गाडी आणखी खाली बसते, म्हणून अशा सपाट चिखलात फोर-हाय नाहीतर लो-सेकंड, लो-थर्ड आणि एकसारखी चाल बरी. पण खडा चढ, दगडं, दुसऱ्याची फसलेली गाडी ओढणं आणि मुख्य म्हणजे उतार, इथे लोच पाहिजे. लो-फर्स्टमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत, फक्त क्लच दाबायचा नाही, दाबला की गाडी सुटली. आणि लो म्हणजे जादू नाही हेही सांगतो, डिफरन्शियल लॉक (एका ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी सोय) नसेल आणि पुढचं एक, मागचं एक चाक हवेत गेलं तर फोर-लोमध्येही गाडी तिथेच उभी राहते.

सगळ्यात वाईट सल्ला डांबराचा. या गाड्यांत सेंटर डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नाही, फोर-व्हील लावली की पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधला जातो. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, मातीत ती थोडी घसरून जुळवून घेतात, डांबर पकडून ठेवतं. मग स्टिअरिंग जड होतं, टायर घासतात, ताण ट्रान्सफर केसमध्ये साठतो. ओलं डांबरही तीव्र वळणावर हेच करतं. हाय असो की लो, डांबरावर नको. आणि ब्रेकचं म्हणाल तर ते टू-व्हीलमध्येही चारही चाकांना लागतात, फोर-हायने त्यात काय वाढणार?

न वापरता नवं राहतं हेही चूक, लिंकेज जाम होतं, ऑइल फिरत नाही. महिन्यातून एकदा मातीच्या मैदानात गाडी पूर्ण थांबवा, न्यूट्रल करा, क्लच दाबून लो टाका आणि दोन-तीनशे मीटर सरळ चालवा. जिप्सीत पुढच्या चाकांचे हब (चाक ॲक्सलला जोडणारा भाग) हाताने लॉक करायचे असतील तर आधी उतरून ते करा. लिवरऐवजी नॉब फिरवायच्या गाडीत लाइट ब्लिंक होत राहिला तर लो अजून बसलेली नाही, थांबा. ट्रान्सफर केसचं ऑइल बऱ्याचदा गिअरबॉक्सपेक्षा वेगळं असतं, काहींत एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं, मॅन्युअल बघूनच टाकायला सांगा. आणि लो काढताना लिवर अडकला तर ओढाताण करू नका, गाडी दहा-पंधरा फूट सरळ रिव्हर्स घ्या, ताण सुटला की तो सहज येतो.