वाघबीळ नाक्यावरचा वाघ

आमच्या शाळेच्या ग्रुपवर ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या जंगलाचा वाद पुन्हा पेटला आहे. निमित्त झालं एका रविवारच्या व्हिडिओचं. पायथ्याच्या उपवन तलावापासून वर चढत गेलेली गाड्यांची रांग, आणि त्याखाली कुणाची तरी तक्रार की आदल्या रात्री एका बंगल्यातला डीजे वर्तकनगरपर्यंत ऐकू येत होता. निम्मे म्हणतात, बाहेरच्या गाड्या सरसकट बंद करा. उरलेले म्हणतात, ठाणेकराला हाताशी एवढा एकच डोंगर राहिलाय, तोही बंद केला तर पोरांना न्यायचं कुठे, मॉलमध्ये? या सगळ्यात एका मित्राने मला उद्देशून लिहिलं, "अगं, तुमच्याकडे नॅशनल पार्कमध्ये गाडी चालवता चालवता मोबाइलच सगळी माहिती सांगतो ना? तसं येऊरला करू या. तू जरा नीट लिहून पाठव."

मी लगेच 'हो' लिहिलं. मग आठ दिवस त्यावर विचार करत राहिले, आणि आता माझं उत्तर बदललं आहे. ते दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मी अमेरिकेत, कोलोरॅडोत लव्हलँडला राहते, त्याला १९ वर्षं झाली. घरापासून तासाभरात रॉकी माउंटन नॅशनल पार्क लागतं. १९१५ साली स्थापन झालेलं, हजार चौरस किलोमीटरहून थोडं मोठं. त्याच्या आरपार ट्रेल रिज रोड जातो, एस्टेस पार्क गावापासून ग्रँड लेकपर्यंत ७७ किलोमीटर. हा रस्ता ३,७१३ मीटरपर्यंत चढतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे दुपटीहून जास्त. साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून मे महिन्याच्या अखेरपर्यंत तो बर्फामुळे बंद असतो.

गेल्या सप्टेंबरात आई आली होती. तिचे दोन्ही गुडघे गेलेले, पायवाटेवर शंभर पावलंही चालवत नाहीत. तिला डोंगर दाखवायचा तर गाडीतूनच. मी फोनवर ऑडिओ टूर घेतली. ती घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवावी लागते, कारण डोंगरात रेंज नसते. जीपीएसला मात्र रेंज लागत नाही, फोन उपग्रहांवरून आपली जागा ओळखतो. रस्त्यावर ठरावीक ठिकाणांभोवती नकाशात वर्तुळं आखलेली असतात. गाडी त्या वर्तुळात शिरली की त्या जागेची गोष्ट आपोआप सुरू होते, आणि ती संपली की पुढच्या वर्तुळापर्यंत शांतता. बोट लावायचं नाही, स्क्रीनकडे बघायचं नाही. पूर्वी हेच काम कॅसेट करायची. मैलाचा दगड आला की चालवणाऱ्याने टेप थांबवायची आणि पुन्हा सुरू करायची.

त्या आवाजाचं एक बलस्थान मला तिथे कळलं. झाडांची हद्द संपून टुंड्रा सुरू होते, त्याच्या जरा अलीकडे तो बोलला. पुढे जमिनीलगत बोटभर उंचीची रोपं दिसतील, म्हणाला. इथला उन्हाळा जेमतेम दोन महिन्यांचा, तेवढ्यात त्यांना वाढायचं, फुलायचं आणि बी धरायचं असतं. तुडवली गेली तर ती जागा पुन्हा हिरवी व्हायला कित्येक दशकं जाऊ शकतात. हे सांगून होतं न होतं तोच गाडी थांबवायची जागा आली. गाडीतून उतरण्याआधी, दाराच्या कडीवर हात असताना ते ऐकलेलं होतं. आई काठी टेकत उतरली, आणि काठी कुठे टेकते आहे हे आधी बघून मगच टेकू लागली. गेटावर पाटी लावून हे होत नाही. पाटी आपण गाडी चालवताना मागे टाकतो, आणि तीवर बहुतेक वेळा 'मनाई आहे' एवढंच असतं. का मनाई आहे, ते योग्य जागी आणि योग्य क्षणी कानात पडलं तर माणूस आपणहून पाय आवरतो. येऊरच्या गेटावरच्या सूचना मला लहानपणापासून आठवतात. त्यातल्या एकीनेही मला जंगलाबद्दल काही सांगितलेलं आठवत नाही.

इथवर माझं उत्तर 'हो' होतं.

पण त्याच दिवशी दुसरंही काही झालं. पश्चिमेकडे बर्फाचे पट्टे मिरवणारी रांग दिसायला लागली आणि आवाज म्हणाला, या डोंगरांचं नाव नेव्हर समर. नाव इथल्या मूळ रहिवासी अरापाहो लोकांचं, इथे उन्हाळा कधी येतच नाही, अशा अर्थाचं. पलीकडची दरी कावुनीची, त्याच भाषेत कोल्ह्याच्या जातीच्या कायोटी नावाच्या प्राण्याची. एवढं सांगून तो एल्क नावाच्या मोठ्या हरणांच्या कळपाकडे वळला. मी टूर थांबवून आईला पुढचं सांगितलं, कारण मला ते माहीत होतं. अरापाहोंना १८७८ मध्ये वायोमिंगमधल्या विंड रिव्हरच्या राखीव भागात नेऊन बसवण्यात आलं. मग १९१४ च्या उन्हाळ्यात, पार्क व्हावं म्हणून खटपट करणाऱ्या इथल्या गिर्यारोहक मंडळाने त्यांच्यातल्या दोन वृद्धांना दुभाष्यासह बोलावून आणलं. घोड्यांवरून जवळजवळ दोन आठवडे या डोंगरांत फिरवलं आणि कुठल्या शिखराला, कुठल्या ओढ्याला ते काय म्हणत, हे विचारून लिहून घेतलं. पुढल्याच वर्षी पार्क झालं. नकाशावर नावं आली. ती देणारी माणसं परत विंड रिव्हरला गेली.

आईने विचारलं, "आणि आता?"

आताही तिथेच, म्हटलं.

ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "आपल्या येऊरची माणसं अजून येऊरातच आहेत की."

हे वाक्य मला सोडत नाही. साठ वर्षं ती त्या डोंगराच्या पायथ्याशी राहते. पाटोणपाडा, जांभूळपाडा, वणीचा पाडा ही नावं तिला तोंडपाठ आहेत, कारण तिथल्या बायका पावसाच्या तोंडावर शेवळं ही रानभाजी घेऊन येतात, मग कंटोली, टाकळा, कुड्याच्या शेंगा. शेवळं काकडाच्या फळांसोबतच शिजवायची, नाहीतर घसा खाजतो, हे तिला त्यांच्यातल्याच एकीने शिकवलं. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते, २०१६ मध्ये फुलली तशी २०२४ मध्ये फुलली, आणि तिच्याच काठ्या विणून, वर शेणमाती लिंपून वारल्यांच्या घरांचे कूड होतात, हेही तिला तिथूनच कळलं. मी ठाण्यात २४ वर्षं काढली. त्यातलं मला काही ठाऊक नव्हतं. मला ते कोलोरॅडोत, साडेतीन हजार मीटरवर, आईच्या तोंडून पहिल्यांदा कळलं.

म्हणून मित्रा, गाडीतली टूर येऊरला नको.

कारणं साधी आहेत. ट्रेल रिज रोड एका गावातून निघून दुसऱ्या गावात उतरतो. येऊरचा रस्ता काही किलोमीटर वर जातो आणि संपतो, आल्या वाटेने परत यावं लागतं. तिथे गाडीची टूर म्हणजे दहा मिनिटांची गोष्ट आणि तासाभराचा ट्रॅफिक. आमच्या पार्कला वर्षाला ४० लाखांहून जास्त माणसं येतात, आणि हजार चौरस किलोमीटर असूनही त्यांना ती गर्दी पेलली नाही. गेली काही वर्षं उन्हाळ्यात ऑनलाइन वेळ राखून ठेवल्याशिवाय गर्दीच्या तासांत गाडी आत सोडत नाहीत. आपलं अख्खं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, येऊर, बोरिवली, कान्हेरी, तुळशी, विहार सगळं धरून, सुमारे १०४ चौरस किलोमीटर. त्याच्या चारही बाजूंना दोन महानगरं टेकलेली. एवढ्याशा जंगलात गाडीने या असं निमंत्रण देणारी कुठलीही गोष्ट, ती कितीही सुंदर असो, मला मान्य नाही. एल्क रस्त्यावर आला की इथेही माणसं गाडी रस्त्याच्या मधोमध उभी करून फोटो काढतात. आवाज सांगतो 'उजवीकडे बघा' आणि चाळीस गाड्या एकदम उजवीकडे बघतात. बिबट्या त्यासाठी थांबणार नाही, पण त्याची वाट मोडेल.

आता कुणी म्हणेल, तू आईला गाडीतूनच नेलंस ना? नेलं, आणि त्याबद्दल मला जराही अपराधी वाटत नाही. ज्याचे पाय चालत नाहीत त्यालाही डोंगरावर हक्क आहे. येऊर 'फक्त चालणाऱ्यांसाठी' करा म्हणणारे माझे मित्र धडधाकट आहेत, म्हणून त्यांना ते सुचतं. पण येऊरला टीएमटीची, म्हणजे ठाणे महापालिकेची बस जाते. त्या बसमध्ये आवाज बसवा. स्पीकरवर नको, जंगलात आधीच स्पीकर पुष्कळ झाले. प्रवाशाने आपापल्या फोनवर, कानात ऐकावा. शनिवार-रविवारी बस वाढवा, रहिवासी सोडून बाकीच्या गाड्या पायथ्याला थांबवा. माझी आई बसने जाईल. ती आयुष्यभर बसनेच गेली आहे.

आणि गाडीतल्या टूरची एवढीच हौस असेल तर त्यासाठी ठाण्यात एक रस्ता आहे, जिथे गाड्या आधीच उभ्या आहेत. घोडबंदर रोड. माजिवड्याहून निघालं की डावीकडे सलग तेच जंगल, उजवीकडे खाडी. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा, गायमुख. रोज हजारो माणसं या नावांमधून रांगत जातात आणि त्यांना त्यात फक्त सिग्नल ऐकू येतात. वाघबीळ नाका म्हणताना वाघ कुणाच्या मनात येत नाही, बीळही येत नाही. मानपाड्यातला पाडा ऐकू येत नाही. आपण अरापाहोंच्या नावांसारखीच ही नावं वापरतो, अर्थ पुसून. घोडबंदरच्या बंदरावर घोडे उतरायचे असं सांगतात. तिथला किल्ला आजही खाडीकडे तोंड करून उभा आहे. वारली वाघोबाला पुजतात. त्याच्या हद्दीतूनच ही वाहतूक जाते, आणि रात्री हा रस्ता ओलांडताना बिबटे गाड्यांखाली मेलेले आहेत. गायमुखाच्या चढावर अर्धा तास अडकलेल्या माणसाला कुणी हे मराठीत, धीम्या आवाजात सांगितलं, तर रात्री अकराला तो मोकळ्या रस्त्यावर वेग जरा कमी ठेवेल असं मला खरंच वाटतं. टुंड्रावर मी ते होताना पाहिलं आहे.

हे करायला वेळही फार नाही. ठाणे-बोरिवली जोडबोगद्याचं भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झालं. जोडरस्ते धरून सुमारे १२ किलोमीटर, त्यातले दहाहून जास्त थेट डोंगराच्या पोटातून. तासाभराचा फेरा वाचेल असं सरकार सांगतं, आणि ग्रुपवरचे बोरिवलीला नोकरी करणारे त्याची वाट बघत आहेत. त्यांचा थकवा मला कळतो. मी त्यांच्याशी भांडत नाही. पण उद्या ठाण्यातलं मूल ज्या डोंगराखालून दहा-पंधरा मिनिटांत पार होईल, तो डोंगर त्याला दिसणारसुद्धा नाही. माथ्यावर कारवी फुललेली असेल आणि खाली दिव्यांची रांग. त्याला कुणीतरी आत्ताच सांगून ठेवायला हवं की वर काय आहे.

कुणीतरी म्हणजे कोण, हाच माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा प्रश्न. इथल्या टूरमध्ये एक सराईत, गोड आवाज होता. अरापाहोंबद्दल बोलणारा तो आवाज अरापाहो नव्हता. आपल्याकडे ठाण्यातलाच कुणी निवेदक स्टुडिओत बसून 'निसर्गरम्य येऊर' वाचेल, ही भीती मला आहे. कारवीच्या कुडाबद्दल ज्यांनी कूड बांधला त्यांनी बोलावं. वारलीत बोलावं, कोकणा आदिवासींच्या बोलीत बोलावं, मग मराठी येऊ दे. आणि त्याचे पैसे पाड्यांवर जावेत, दर महिन्याला, हिशोब पाड्यासमोर मांडून. पार्काच्या नावात कुणाचं नाव असावं यावर आपल्याकडे भांडणं होतात. पार्काची गोष्ट सांगण्याचे पैसे कुणाला मिळतात यावर झालेलं भांडण मी अजून ऐकलेलं नाही.

आईने ठाण्याला परतल्यावर एक काम माझ्यासाठी केलं. तिला शेवळं देणारी मावशी जांभूळपाड्याची. तिला आईने सगळं समजावलं: बस, फोन, कानातला आवाज, तू बोलायचं आणि लोकांनी ऐकायचं. मावशीने ऐकून घेतलं. मग दोन गोष्टी विचारल्या. एक, आमच्या पोरांना त्यात काम मिळेल का. दोन, हे ऐकून लोक आमच्या दारात गाड्या आणून लावणार का.

पहिल्याला आईने 'मिळायला हवं' म्हणून सांगितलं. दुसऱ्याचं उत्तर तिने माझ्याकडे मागितलं आहे. मी जूनमध्ये येते आहे. त्याआधी ग्रुपवरच्या गाड्यावाल्यांनी, आणि गाड्या बंद करा म्हणणाऱ्यांनीही, मावशीला काय सांगायचं ते मला लिहून कळवा.